अडीचशे डॉलर आणि दहा जणींचं धुणं

नागपुरात कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायचे तेव्हा आमच्या जर्सी म्हणजे मुलांनी वापरून टाकलेल्या. माझी ढोपराला टेकायची. सामना संपला की सगळ्या गोळा करून एकीच्या घरी धुवायला जायच्या, आळीपाळीनं. माझी पाळी आली की आई कुरकुरायची, "दहा जणींचा घाम आपल्याच बादलीत का गं?"

नवऱ्याला ओक रिजच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि आम्ही अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला आलो. इथल्या विद्यापीठाची मुलींची बास्केटबॉल टीम, लेडी व्हॉल्स, म्हणजे गावाचं दैवत. तिच्या इतिहासातलं माझ्या मनात पहिल्यांदा घुसलं ते धुणंच. 1974 मध्ये पॅट हेड नावाची 22 वर्षांची मुलगी कोच झाली. पगार महिन्याला 250 डॉलर. व्हॅन तीच चालवायची, गणवेश तीच धुवायची, आणि ते गणवेशही आदल्या वर्षी डोनट विकून घेतलेले. पहिलाच सामना मर्सर विद्यापीठाकडून 84-83 असा एका गुणानं हरली. हीच पुढची पॅट समिट. इथं सगळे तिला नुसतं पॅट म्हणतात, म्हणून मीही अहो-जाहो करत नाही.

शेजारच्या घरात सत्तरी उलटलेल्या एक बाई राहतात. शाळेत बास्केटबॉल खेळायच्या असं कळल्यावर मी उत्साहानं विचारलं, एका सामन्यात जास्तीत जास्त किती गुण केलेत? त्या म्हणाल्या, "शून्य. मी गार्ड होते."

मला कळेचना. मग त्यांनी भाजीच्या पिशवीवर पेननं कोर्ट काढून दाखवलं. टेनेसीतल्या शाळांमध्ये तेव्हा मुली सहा-सहा जणींनी खेळायच्या. तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, आणि मधली रेष कुणीच ओलांडायची नाही. गार्डनं चेंडू हिसकावून रेषेपर्यंत आणायचा, पलीकडे द्यायचा आणि उभं राहून बघायचं. बायकांना एवढी धावपळ झेपत नाही, हे कारण. शेतात दिवसभर राबायला मात्र झेपायचं!

1976 मध्ये ओक रिजच्याच शाळेतली एक गार्ड या नियमाविरुद्ध कोर्टात गेली. न्यायालयाच्या कोर्टात. तिथं जिंकली, पुढच्या वर्षी अपिलात हरली. पॅटची अडचण वेगळी होती. आयुष्यात कधी बास्केटच न मारलेल्या मुलीला विद्यापीठाच्या टीममध्ये घेऊन करायचं काय? शेवटी 1979 मध्ये शाळांनी पाच-पाचचा खेळ घेतला. बाईंची शाळा तोवर कधीच संपली होती.

पुढचं सगळं इथल्या पोराटोरांना पाठ आहे. 1987 ते 2008 मध्ये आठ राष्ट्रीय अजिंक्यपदं, 1998 ला तर 39 पैकी 39 सामने जिंकून. मला त्याहून भारी वाटतो तो वर्गातला नियम: पहिल्या तीन रांगांतच बसायचं, आणि तास बुडवला तर सामन्याला बाहेर बसायचं. तिच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. आमच्या वेळी उलटं होतं, खेळाडू म्हटलं की सर हजेरी न बघताच लावायचे, आणि आम्ही खूश.

जानेवारी 2006 मध्ये कनेटिकटविरुद्धचा सामना बघायला मी आणि बाई गेलो होतो. 24,653 माणसं. आम्ही इतक्या वर की खेळाडू मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. सगळीकडे टीमच्या रंगाचं केशरीच केशरी, जणू पालखीच आलीय गावात. (नेमका आपला भगवा नव्हे, थोडा पिवळ्याकडे झुकलेला.) एका गार्डनं चेंडू हिसकावला आणि एकटीच पळत जाऊन बास्केट मारली, तेव्हा आजूबाजूचे उठून ओरडत होते. बाई बसूनच होत्या, मांडीवरचा पॉपकॉर्नचा डबा घट्ट धरून.

2011 मध्ये पॅटनं अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं. तरी एक हंगाम काढला, 1,098 विजयांवर थांबली. 2016 मध्ये गेली, 64 वर्षांची होती. मधे 2015 ला विद्यापीठानं बास्केटबॉल सोडून मुलींच्या बाकीच्या सगळ्या टीमचं 'लेडी व्हॉल्स' हे नाव काढून टाकलं होतं. कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे! लोक इतके चिडले की 2017 मध्ये परत द्यावं लागलं.

या वर्षी लेकीला शाळेच्या टीमची जर्सी मिळाली. नवी कोरी, तिच्या मापाची, पाठीवर नाव. केशरीच. मी कौतुकानं इतर कपड्यांबरोबर मशीनला लावली आणि नवऱ्याचे दोन पांढरे शर्ट रंगून बाहेर आले. दुसरा इस्त्रीचा शर्ट नव्हता, त्यातलाच एक घालून तो लॅबला गेला. संध्याकाळी विचारलं, कुणी काही म्हणालं का? तर म्हणे, "तिघांनी विचारलं, कुठून घेतलास?"