वावरात एकच लेन्स

फुजीचा एक्स१००व्ही हा लहान कॅमेरा घेतला तवापासून मोठा कॅमेरा कपाटातच आहे. लेन्स एकच, २३ एमएम एफ २ (एफ २ म्हणजे लेन्सचं तोंड पुरं उघडं), मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच्या ३५ एमएमसारखी थोडं रुंद दाखवणारी, झूम नाहीच, मग फोटो पाहिजे तर जवळ जावंच लागते, बोलावं लागते अन् त्यातच माणूस मोकळा होते. फक्त तोंडाजवळ नेऊ नका, नाक मोठं दिसते, कमरेपर्यंतची फ्रेम बेस्ट.

कापूस वेचणाऱ्या बायांच्या चेहऱ्यावर दुपारी पदराची काळी सावली पडते, तिथं लेन्समध्येच बसवलेलं लीफ शटर लय कामाचं, १/१००० सेकंदालाही हलका फ्लॅश मारून सावली उजळता येते. एफ २ वरच काढायचा असंन तर उन्हाचा उजेड जास्त होते, मग आतला ४ स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा फिल्टर, लावायचा. शटरचा आवाज जवळपास नाहीच, वेचणी थांबत नाही. प्रिंट वर्ध्याहून काढून आणतो, प्रत्येकीला एक.