आमची वाटचाल: भोसरीतला डबा, कोईम्बतूरचा ट्रॅक

२०११ मध्ये भोसरीत भाड्याचा गाळा घेतला, तेव्हा आमच्याकडे एक कतरण मशीन, एक जुनी बेंडिंग प्रेस आणि दोन वेल्डर होते. मशिनवाल्यांसाठी कंट्रोल पॅनेलचे डबे करायचे आणि आतले बसबार, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्या, जोडून द्यायचे, एवढंच काम. दिवाळीआधी ऑर्डरी, दिवाळीनंतर वसुलीचे फोन. शर्यतीची गाडी मी टीव्हीवरसुद्धा कधी धड पाहिली नव्हती.

एका पावसाळ्यात इंजिनिअरिंगची चार पोरं भिजत दारात आली. "काका, बॅटरीचा डबा करून द्याल का?" तीन ठिकाणी नकार घेऊन आली होती. विद्यार्थ्यांनी स्वतः आराखडा काढायचा, स्वतः गाडी बांधायची आणि कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पळवायची, अशी 'फॉर्म्युला भारत' नावाची स्पर्धा असते, हे त्या दिवशी कळलं. पेट्रोल गाड्यांचा गट वेगळा, इलेक्ट्रिकचा वेगळा. मी ड्रॉइंग उलटसुलट केलं आणि म्हटलं, "डबाच तर आहे." हे वाक्य ती पोरं अजून मला ऐकवतात.

डबा नव्हताच तो. पोलादाचा केला तर तळ १.२५ मिमी आणि भिंती ०.९ मिमी, ॲल्युमिनियमचा केला तर ३.२ आणि २.३. आत सेलचे कप्पे, प्रत्येक कप्पा १२० व्होल्टच्या आत, मध्ये आग न धरणारे पडदे. आणि पुढे-मागे किंवा बाजूला दणका बसला तर ४० जी, म्हणजे वजनाच्या चाळीसपट जोर, सोसायची ताकद. म्हणजे दहा किलोचा सेलचा गठ्ठा त्या क्षणी चारशे किलोच्या जोराने भिंतीवर येणार. आमचं पॅनेल एकदा भिंतीला टांगलं की जन्मभर जागचं हलत नाही. तीन वेळा वेल्डिंग तोडून पुन्हा केलं. पैसे एकाच डब्याचे घेतले, कारण भाव आधीच बोलून बसलो होतो.

पहिल्या वर्षी मी कोईम्बतूरला गेलोच नाही. रात्री अकराला फोन आला. इलेक्ट्रिकल तपासणीत डबा अडला होता, आणि तोही नटांवरून. मुख्य करंटच्या वाटेवर आम्ही नायलॉक नट, म्हणजे ढिले पडू नयेत म्हणून आत नायलॉनचं कडं असलेले, लावले होते. आमच्या धंद्यात नायलॉक म्हणजे चोख कामाची खूण, गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायची गोष्ट. तिथला नियम उलटा. तापलं की नायलॉन मऊ पडतं, म्हणून लॉकनट सगळे धातूचेच हवेत. वर दोन ठिकाणी बोल्टखाली प्लास्टिकचे वॉशर निघाले. दाबलं जाणारं काहीही जोडात चालत नाही. कोईम्बतूर पंप आणि मोटारींचं गाव, नट मिळाले. पण डबा उघडून, सगळे जोड बदलून पुन्हा तपासणीला लावेपर्यंत पळण्याच्या बहुतेक फेऱ्या होऊन गेल्या होत्या.

परत आल्यावर पोरांनी मला फळ्यावर गणित शिकवलं. ढिला जोड तापतो हे कुठल्याही वायरमनला ठाऊक असतं. किती तापतो हे मी इतक्या वर्षांत कधी मोजलं नव्हतं. या गाड्यांना ८० किलोवॉटची मर्यादा असते. पॅक ४०० व्होल्टचा धरला तर करंट २०० अँपिअर. जोडाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, एक मिलिओहम असेल तर तिथे ४० वॉट उष्णता, म्हणजे बंद डब्यात एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून झाकण लावल्यासारखं. रोध दहावा हिस्सा केला तर चारच वॉट. असे डझनावारी जोड एकामागोमाग एक. सेलच्या तापमानाची हद्द ६० अंश, त्यापुढे गेलं की यंत्रणा स्वतःच गाडी बंद करते. रस्त्यावरची गाडी पूर्ण जोर क्षणभर घेते आणि मग निवांत चालते. ट्रॅकवर दर वळणानंतर जोर असतो, आणि ब्रेक मारताना मोटर जनरेटर होऊन करंट उलटा आत ढकलते. डब्याला श्वास घ्यायला वेळच मिळत नाही.

त्या महिन्यात मी असा बारीक रोध मोजणारा सेकंडहँड मायक्रोओहम मीटर घेतला. बायको म्हणाली, "आधी गाळ्याचं भाडं द्या." तिचं बरोबर होतं. पण घेतला. आता प्रत्येक जोड टॉर्क रेंचने आवळायचा, रोध वहीत लिहायचा, मग नटावर मार्करची रेघ ओढायची.

दुसऱ्या वर्षी स्वतः गेलो. तपासणी पार पडली. २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्सला, म्हणजे दमाच्या फेरीला, गाडी उतरली, निम्म्यात ड्रायव्हर बदलला, आणि दोन फेऱ्यांनी ती वळणावर उभी राहिली. पेट्रोलची गाडी बंद पडताना खोकते, धूर सोडते. ही नुसती गप्प झाली. काय झालं ते डबा उघडल्यावर दिसलं. तापमानाच्या सेन्सरची एक बारीक तार क्रिंपमधून, म्हणजे पकडीने दाबून बसवलेल्या टोकातून, सुटली होती. सिग्नल गेला की रिले, म्हणजे बॅटरीचा करंट तोडणारे स्विच, उघडायचे, हा नियम आणि तो योग्यच. क्रिंप आमच्या बाकावरचं होतं. ज्या पोराने केलं त्याला मी काही बोललो नाही, कारण क्रिंपिंगची स्वस्तातली पक्कड मीच आणून दिली होती.

२०२३ च्या फेब्रुवारीत हैदराबादला फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची जागतिक शर्यत झाली, हुसेन सागरच्या काठी. पोरांबरोबर मीही गेलो. बाकीचे ओव्हरटेकवर ओरडत होते, माझं लक्ष शेवटच्या फेऱ्यांत पुढच्या दोघांवर. पहिल्या असलेल्या ज्याँ-एरिक व्हेर्नकडे मागच्या निक कॅसिडीपेक्षा चार्ज कमी उरला होता. तरी वळणाआधी पाय उचलत, घरंगळत, जागा न सोडता त्याने शर्यत जिंकली. त्या पिढीच्या गाड्या पुढच्या आणि मागच्या मोटरी मिळून ब्रेकमधून ६०० किलोवॉटपर्यंत परत घेऊ शकतात. माझ्या मनात एकच: त्यांचे बसबार केवढे जाड असतील?

धंद्याचं म्हणाल तर शर्यतीच्या डब्यांनी पैसा दिला नाही. एका कॉलेजने बिल अकरा महिने अडवलं, तेही सह्यांसाठी. पण त्या पहिल्या चारांपैकी दोघे आज बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत. तीनचाकी मालगाड्यांचे बॅटरी बॉक्स त्यांच्यामुळे आमच्याकडे आले आणि गाळ्याचं भाडं आता त्यावर निघतं. तिथेही आम्ही जोडाचा रोध लिहून देतो. सुरुवातीला खरेदीवाले हसायचे, आता वहीची झेरॉक्स मागतात.

तिसऱ्या वर्षाची पावसाची चाचणी सांगायची राहिली. गाडीची यंत्रणा चालू ठेवून १२० सेकंद पाणी मारतात, मग १२० सेकंद नुसतं थांबायचं. इन्सुलेशनचा रोध घसरला की गाडी बंद, चाचणी नापास. झाकणाचं गॅस्केट आमचं, केबल आत जाते तिथल्या पाणी अडवणाऱ्या ग्लँड आमच्या. पहिल्या दोन मिनिटांत मी पाण्याकडे पाहत होतो. पुढच्या दोन मिनिटांत कुणीच काही बोलत नव्हतं, फक्त बॉडीवरून थेंब गळत होते. मग परीक्षकाने पास झाल्याचा स्टिकर काढला आणि गाडीच्या नाकावर चिकटवला. पोरांनी मला उचललं. वजन नव्वद किलो आहे माझं, लगेच खाली ठेवलं.

त्या वर्षी गाडीने २२ किलोमीटर पुरे केले. नंबर मधलाच कुठलासा. परवा नवीन तुकडी आली, ड्रॉइंग घेऊन. डबा आणखी दोन किलो हलका हवा म्हणतात.