प्रभूची वाट पाहताना: वाचन, पगार आणि मृत्युपत्र

नाताळाआधीचा आगमनकाळ जवळ आला की चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच ते फॉरवर्ड पुन्हा फिरू लागतात. कुठे भूकंप झाला, कुठे युद्ध पेटलं, म्हणून अमुक महिन्यात प्रभू येशू पुन्हा येणार. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, 24 व्या अध्यायात, युद्धांचा आणि भूकंपांचा उल्लेख आहेच. पण त्याच अध्यायात, सहाव्या वचनात, प्रभू म्हणतो की घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. आणि 36 व्या वचनात तो दिवस, ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही हे स्वच्छ सांगतो. तेव्हा तारीख सांगणारा फॉरवर्ड आपल्यापाशीच थांबवायचा, मग तो कितीही मोठ्या प्रचारकाच्या नावाने आलेला असो.

हे नवीन नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी दानीएलाच्या पुस्तकातल्या 8:14 (आठवा अध्याय, चौदावं वचन) मधल्या 2,300 दिवसांची वर्षं धरली, इ.स.पू. 457 पासून मोजली आणि 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस काढला. काहींनी उभं पीक शेतात तसंच सोडलं. तो दिवस उगवला आणि मावळला. अशी तारीख हुकते तेव्हा पुष्कळांचा वचनावरचा विश्वासही तिच्याबरोबर डळमळतो, आणि ते नुकसान पिकापेक्षा फार मोठं असतं.

वाट कशी पाहायची हे शिकायचं असेल तर बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून, प्रकटीकरणापासून, सुरुवात करू नका, प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र घ्या. पाचच अध्याय आहेत. ठाण्याहून स्लो लोकलने भायखळ्याला उतरेपर्यंत आरामात दोनदा वाचून होतात. पाचही अध्यायांत प्रभूच्या येण्याचा उल्लेख आहे: 1:10, 2:19, 3:13, 4:16 आणि 5:23. तिथे पेन्सिलीने खुणा करा आणि मग प्रत्येक खुणेच्या अलीकडे काय लिहिलंय ते सावकाश वाचा. कोणावर आपला भार पडू नये म्हणून पौल रात्रंदिवस हातांनी कष्ट करत होता. एकमेकांवरची प्रीती वाढू द्या. शरीर पवित्र राखा, व्यवहारात भावाला फसवू नका. शांतपणे राहा, आपापला उद्योग करा. वाट पाहण्याचा सगळा अभ्यासक्रम इथेच आहे, आणि त्यात आकडेमोड कुठेच नाही.

5:14 वर मात्र थांबायला हवं. तिथे तीन प्रकारची माणसं आहेत आणि तिघांशी वागायची तीन वेगवेगळी रीत. जो बेशिस्त, कामचुकार आहे त्याला ताकीद. जो खचलाय त्याला धीर. जो अशक्त आहे त्याला आधार. मंडळ्यांमध्ये नेमकी इथे गल्लत होते. नोकरी गेल्यामुळे खचलेल्या माणसाला आपण ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणून सुनावतो आणि धडधाकट असून दुसऱ्यांच्या पैशांवर राहणाऱ्याला ‘प्रार्थनाशील’ म्हणत सांभाळून घेतो. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (3:10-12) पौलाला पुन्हा त्याच विषयावर कडक लिहावं लागलं: काम करायचीच इच्छा नसेल, तर खायलाही मिळू नये. म्हणून ‘प्रभू लवकरच येणार’ असं म्हणत एखादा तरुण नोकरी सोडायला निघाला, तर पाळकांनी आधी विचारावं की घरभाडं कोण भरणार आणि आईवडिलांच्या औषधपाण्याचं काय. पूर्णवेळ सेवेचं पाचारण खरं असेल तर ते या प्रश्नांपुढे टिकतं.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायाच्या सातव्या वचनात पावसाची वाट पाहणारा शेतकरी आहे, तो सगळ्यांना पाठ असतो. तीनच वचनं अलीकडे अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, ते मात्र उपदेशात क्वचित येतं. घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेला ठरला असेल तर तो एक तारखेलाच त्यांच्या हातात पडला पाहिजे. नाताळात आपण आठ दिवस गावी गेलो, तर त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत. सुट्टी आपण घेतली, त्यांनी नाही.

रोजच्या वाचनासाठी एक सोपा हिशेब: नव्या करारात 260 अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर 52 आठवड्यांत पूर्ण होतो. शनिवार-रविवार मोकळे असतात, चुकलेला अध्याय तेव्हा घ्यावा. दहा अध्याय मागे पडले तर ते एका रात्रीत उरकू नका. त्या दिवशीचाच अध्याय वाचा आणि पुढे चला. मागची थकबाकी भरायच्या नादातच बहुतेकांचं वाचन कायमचं सुटतं.

मृत्युपत्र करणं म्हणजे अविश्वास, असं काहींना वाटतं. मला ते कारभाऱ्याचं काम वाटतं, कारण धनी कधी येईल ते माहीत नाही आणि आपण कधी जाऊ तेही नाही. ख्रिस्ती माणसाला भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो. साधा कागद चालतो, स्टँपपेपर लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्याच. साक्षीदाराच्या किंवा त्याच्या पती-पत्नीच्या नावे काही ठेवलं असेल तर ते देणं रद्द ठरतं, म्हणून वारस असलेल्या मुलाची किंवा सुनेची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये. लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, पुनर्विवाह करणाऱ्यांनी हे विसरू नये. आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे फ्लॅट त्याचा झाला, असंही नाही. भावाभावांत यावरूनच बोलणं तुटतं.

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातला, प्रभू येताना वाजणाऱ्या तुतारीचा उतारा (4:13-18) पौलाने कोणाला भेडसावायला लिहिला नाही. आपली माणसं गमावलेल्यांसाठी तो आहे, आणि या शब्दांनी एकमेकांचं समाधान करा, असं शेवटी सांगितलंय. तो उतारा मुंबईत शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत वाचला जातो आणि बहुधा तिथेच संपतो. पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, डबे येतात, घरसभा होते. तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही, आणि नेमकी तेव्हा बँक, पेन्शन, सोसायटी यांची कागदपत्रं निघालेली असतात. मंडळीने दोन माणसं नेमून द्यावीत. एकाने मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती घेऊन बँकेत सोबत जावं, दुसऱ्याने रविवारी उपासनेनंतर तासभर त्या घरी बसावं आणि तोच उतारा पुन्हा वाचावा.