पतसंस्थेचे पासवर्ड : एन्क्रिप्शन काढून हॅशिंग आणताना

एका पतसंस्थेचं सभासदांसाठीचं पोर्टल नव्या सर्व्हरवर हलवायचं काम माझ्याकडे आलं. डेटाबेसमध्ये पासवर्डच्या रकान्यात अगम्य अक्षरं दिसत होती. "सगळं एन्क्रिप्टेड आहे मॅडम, काळजी नको," व्यवस्थापक म्हणाले. खरंच होतं ते. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत, किल्ली २५६ बिटांची. २००१ पासून अमेरिकेचं सरकारी मानक असलेली भक्कम पद्धत. पण पासवर्डला ती लावायचीच कशाला?

एन्क्रिप्शन मजकूर झाकतं, ते पुढे कधीतरी तो परत वाचायचा असतो म्हणून. किल्ली ज्याच्याकडे, त्याला तो वाचता येतो. इथे किल्ली त्याच सर्व्हरवरच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये होती, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरणाऱ्याला पासवर्ड आणि किल्ली दोन्ही एकाच ठिकाणी. शिवाय 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की जुनाच पासवर्ड ईमेलने यायचा! सभासद खूश होते.

हॅशिंगला किल्लीच नसते. पासवर्ड आत गेला की ठरावीक लांबीची अक्षरमाळ बाहेर येते आणि तिच्यावरून मागे जाता येत नाही. लॉगिनच्या वेळी टाकलेल्या पासवर्डचा पुन्हा हॅश काढायचा आणि साठवलेल्याशी जुळतो का ते बघायचं. व्यवस्थापकांना मी अंगठ्याचं उदाहरण दिलं: ठसा जुळवता येतो, ठशावरून माणूस उभा करता येत नाही. ते लगेच म्हणाले, "मग सभासद विसरला तर पासवर्ड सांगायचा कसा?" सांगायचाच नाही. थोड्या वेळात बाद होणारी लिंक पाठवायची, नवा पासवर्ड त्याचा तो ठरवेल. हे पटवायला कोडपेक्षा जास्त वेळ गेला.

शेवटी अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण सांगितलं. २०१३ मध्ये त्यांच्याकडून कोट्यवधी खात्यांची माहिती फुटली. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते आणि किल्ली काही बाहेर आली नाही. पण पद्धत अशी वापरलेली की सारख्या पासवर्डचा सांकेतिक मजकूरही सारखाच, आणि शेजारी लोकांनी लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या. लोकांनी शब्दकोडं सोडवावं तसे पासवर्ड ओळखले.

नुसता हॅशही पुरत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे फुटलेले पासवर्ड एसएचए-१ या पद्धतीने हॅश केलेले होते, पण सॉल्टशिवाय. सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डला जोडलेला वेगळा यादृच्छिक तुकडा. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा येतो. दुसरं म्हणजे एसएचए-१, एसएचए-२५६ फार वेगवान आहेत. फाइल मधे बदलली नाही ना हे तपासायला उत्तम, पासवर्डला धोक्याचे, कारण चोरालाही अंदाज तितक्याच वेगाने तपासता येतात. पासवर्डचा हॅश मुद्दाम संथ हवा.

अशा संथ पद्धतींपैकी १९९९ चं बीक्रिप्ट डोळ्यांसमोर होतं, पण ते पहिले ७२ बाइटच बघतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रचलित पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. मराठीतून लांबलचक पासवर्ड ठेवणाऱ्याची २४ चिन्हांतच बोळवण! म्हणून २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकलेलं आर्गॉन२ घेतलं.

प्रत्यक्ष बदल एका रात्रीत झाला. स्क्रिप्टने प्रत्येक पासवर्ड उलगडला, हॅश केला, साठवला. मुळात हॅश असते तर हे शक्यच नव्हतं. प्रत्येक सभासद लॉगिन करेपर्यंत थांबावं लागलं असतं, नाहीतर जुन्या हॅशवरच नवा हॅश चढवावा लागला असता. इतक्या सहज काम उरकलं, याचंच खरं तर भय वाटायला हवं.

मोबाइल आणि बँक खाते क्रमांक मात्र एन्क्रिप्टेडच राहिले, कारण लेखनिकांना ते वाचावे लागतात. किल्ली तेवढी सर्व्हरवरून काढून किल्ल्या सांभाळणाऱ्या वेगळ्या सेवेत ठेवली. पण आता मोबाइलवरून सभासद शोधता येईना, कारण नीट केलेल्या एन्क्रिप्शनमध्ये तोच क्रमांक दर वेळी वेगळा दिसतो. त्यासाठी शेजारी हॅशचा रकाना जोडला. साधा हॅश इथे निरुपयोगी, कारण दहा आकडी क्रमांक सगळेच्या सगळे तपासून बघणं ग्राफिक्स कार्डला काही सेकंदांचं काम. म्हणून गुप्त किल्ली मिसळून काढलेला हॅश, म्हणजे एचमॅक.

मग पासवर्डचा जुना रकाना पुसला. जुन्या बॅकअपमध्ये तेच पासवर्ड अजून होते, म्हणून नवा बॅकअप तपासून झाल्यावर तेही नष्ट करून घेतले आणि पहिल्या लॉगिनला सगळ्यांना नवा पासवर्ड सक्तीचा केला. त्या आठवड्यात लेखनिकांचे फोन वाजतच होते.