४३५

दोन गिऱ्हाइकांच्या माउंटन बाइकच्या फ्रेमची दोन्ही ड्रॉइंग एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरली. पुढचा भाग कुठेच जुळत नाही, जुळायला नकोच. ती १५२ सेंटीमीटर, तो १९३. मागची नळी मात्र तंतोतंत एकावर एक. चेनस्टे, म्हणजे पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची नळी, ४३५ मिमी. दोघांनाही.

चूक म्हणावी तर चूक नाही. बऱ्याच तयार सायकलींच्या तक्त्यात एसपासून एक्सएलपर्यंत रीच, म्हणजे हँडलकडची लांबी, वाढत जातो आणि मागचा भाग तोच राहतो. एकच त्रिकोण सगळ्या साइझना चालतो, कारखान्याला ते सोयीचं असतं. पण ज्याचं माप घेऊन फ्रेम बांधायची त्यालाही तेच? तेवढंच खटकतंय, आणि जात नाहीये.

हिशोब साधा आहे. उतारावर माणूस पेडलवर उभा असतो, म्हणजे सगळं वजन बॉटम ब्रॅकेटवर, पेडलच्या आसावर. तिथून पुढच्या चाकाच्या आसापर्यंत आडवं अंतर तिचं ६९०, त्याचं ८४०. मागे ४३५ धरलं तर तिच्या पुढच्या चाकावर ३९ टक्के वजन येतं, त्याच्या ३४. म्हणजे त्याचं पुढचं चाक सैल मुरमाच्या वळणावर बाहेर सरकणार, आणि तो म्हणणार टायर बेकार आहे. त्यालाही ३९ टक्के द्यायचे तर मागे ५३० मिमी लागतील. एवढी लांब शेपटी लावल्यावर दगडापुढे पुढचं चाक उचलायचं विसरायचं. म्हणून त्याला ४५५, तिला ४२५. मग ३५ आणि ३८. बरोबरी नाहीच, फरक थोडा कमी.

तिचं ४२५ सुद्धा फुकट मिळत नाही. २.४ इंची टायर, त्याच्या बाजूला चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक), आणि दोन्हींच्या मधून जाणारी नळी. २९ची चाकं ठेवली तर नळी चेपावी लागते, नाहीतर तिथे पट्टी लावावी लागते. साडेसत्तावीसचं चाक त्रिज्येत एकोणीस मिमी लहान, तेवढाच श्वास मिळतो. शिवाय तीव्र उतारावर सीटच्या मागे सरकल्यावर टायर अंगाला घासत नाही. हँडलही तेवढंच खाली येतं. तिची हेडट्यूब, हँडलखालची उभी नळी, नव्वद मिमीच्या खाली नेता येत नाही. वरची आणि खालची नळी एकमेकींत घुसतात आणि मधल्या फटीत वेल्डिंगचा टॉर्च नीट पोचत नाही.

सीटट्यूबचं गणित मला आवडतं. तिची आतली टांग ७० सेंटीमीटर, ०.८८३नं गुणलं की सीटची उंची ६१८ मिमी. त्यातून सीट आणि क्लॅम्पचे पन्नासेक गेले. सीटट्यूब ३५० ठेवली तर वर २१८ उरतात आणि दीडशे मिमीचा ड्रॉपर, म्हणजे चालवताना खाली-वर होणारा सीटचा खांब, मावतो. ४२० केली तर शंभराचाच. आणि ड्रॉपर जवळपास तळापर्यंत जातो, त्यामुळे बाटली लावायच्या स्क्रूच्या बॉसचं टोक आत आलेलं चालत नाही, वेल्डिंगनं नळी लंबगोल झालेलीही चालत नाही. पूर्ण खोलीपर्यंत रीमर फिरवून नळी आतून गोल करायची.

नळ्या कापताना अजून एक. बटेड नळी टोकांना जाड, मध्ये पातळ. छोट्या फ्रेमसाठी बरीच लांबी कापायची असते. ती ज्या टोकाला जाड भाग लांब आहे तिथूनच कापायची. दुसरीकडून कापली की पातळ भिंत जोडाशी येते, आणि तडा हेडट्यूबमागेच, जोडाच्या कडेला जातो. तिला ३१.८ची, मध्ये ०.५ भिंतीची डाउनट्यूब (खालची नळी). त्याला ३८.१, ०.६. तेवढ्यानं नळी वाकायला दुपटीनं कडक होते. वजनही त्याचं जवळपास दुप्पटच आहे.

हे सगळं कोण बघणार? सायकल नेणारा रंग बघतो, उचलून बघतो, किती किलो विचारतो. तीस मिमीच्या फरकासाठी रात्री जागणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. असो.

आणि क्रँक, पेडलचा दांडा! तिला १५५ दिली तर टांगेच्या २२ टक्के. बाजारात सहज मिळणारी १७० दिली असती तर २४, गुडघा पोटाशी. त्याला तिच्याच प्रमाणात द्यायची तर २०१ मिमी हवी. ती बसवायला बॉटम ब्रॅकेट वर न्यावं लागेल, नाहीतर प्रत्येक दगडाला पेडल लागेल. म्हणून त्याला १७५. त्याच्यासाठी मात्र मला फारसं वाईट वाटत नाहीये, हे लिहिताना लक्षात आलं.

हे जुनंच आहे म्हणा. जो ब्रीझनं १९७७मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत डोंगरासाठी म्हणून आपली पहिली फ्रेम बांधली, ती स्वतःसाठी. चाक २६ इंची, कारण जुन्या बलून टायरच्या सायकलींचं तेच मिळत होतं. कुणाच्या उंचीवरून ते ठरलं नव्हतं. जॉर्जिना टेरीनं १९८५मध्ये कंपनी काढली आणि बुटक्या बायकांच्या रोड सायकलींना पुढे २४ इंची चाक लावलं, तेव्हा कुणीतरी उलटा विचार केला. आमच्यासारखे फ्रेम बांधणारे आठ-दहा नळ्या तेवढ्या मापानं कापतात. चाक, फोर्क, क्रँक कॅटलॉगातलेच. ‘कस्टम’ म्हणजे एवढंच. पाटीवर तसं लिहिलं तर गिऱ्हाईक येणार नाही.

तर ४२५ आणि ४५५ खोडून लिहिलं. जिगवर, फ्रेम धरणाऱ्या साच्यावर, मागचा ठोकळा दोनदा हलवायचा, त्यात विशेष काही नाही. तिच्या फोर्कचं, पुढच्या चाकाच्या शॉकचं, रीबाउंड राहिलंय, म्हणजे दबून परत वर येण्याचा वेग. हवा कमी करता येते, पण आतलं डॅम्पिंग जड माणसाला धरून केलेलं. पन्नास किलोच्या अंगाखाली स्क्रू पूर्ण उघडला तरी फोर्क हळूच वर येणार. ते शिम, आतल्या पातळ चकत्या, बदलणाऱ्याकडे द्यावं लागेल, आणि तो म्हणेल आधी चालवून तर बघू दे.