मुक्ती न मागणारी वाट

जगण्याला अर्थ कुठून येतो, हा प्रश्न मनात घेऊनच मी आळंदीहून माऊलींच्या पालखीसोबत निघालो होतो. दिवे घाटाच्या चढणीवर श्वास आणि टाळ यांचा मेळ बसवण्यातच सारे लक्ष गेले. सासवडनंतर मात्र पायांना लय सापडली आणि सोबतच्या वारकऱ्यांचे बोलणे ऐकू येऊ लागले.

आपल्या परंपरेने धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष असे चार पुरुषार्थ सांगितले. ॲरिस्टॉटलनेही माणसाच्या सर्व कृतींमागे एक अंतिम साध्य मानले आणि ते सद्गुणांनुसार जगण्यात पाहिले. दोन्ही विचार ‘कशासाठी’ या प्रश्नापासून सुरू होतात. तुकोबांनी मात्र मुक्ती नाकारून संतांची संगत मागितली आणि त्यासाठी पुन्हा जन्म घेण्याचीही तयारी दाखवली. हा नकार किती धाडसी आहे, हे मला दिंडीत चालताना उमगले.

आमच्या दिंडीतले वृद्ध विणेकरी म्हणाले, “वडिलांनी वारी चालवली, म्हणून मी चालवतो, कशासाठी, ते पांडुरंगाला ठाऊक.” डोक्यावर तुळस घेतलेल्या एका मावशींना पंढरीची वाट ही माहेरची वाट होती. एका तरुणाला यातले काहीच पुरेसे वाटत नव्हते. आपला अर्थ आपणच घडवायचा, असे तो ठामपणे सांगत होता, आणि तरीही आमच्याच पावलीत पाऊल मिळवून चालत होता.

लोणंदहून तरडगावकडे जाताना मला फ्रेंच लेखक आल्बेर कामूची आठवण झाली. माणूस अर्थ मागतो आणि जग गप्प राहते, या विसंगतीकडे डोळेझाक न करता जगत राहावे, असे त्याने 1942 साली मांडले, आणि शिळा पुनःपुन्हा डोंगरावर चढवणाऱ्या, ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसमध्ये त्याला असा माणूस दिसला. त्या विचारातल्या प्रामाणिकपणाविषयी मला नितांत आदर आहे. पण सिसिफसच्या जागी खांदा द्यायला कोणी येत नाही. दिंडीतली वीणा खाली ठेवायची नसते. आमचे विणेकरी थकले, तेव्हा दुसऱ्या वारकऱ्याने त्यांच्या पाया पडून ती आपल्या गळ्यात घेतली, अभंग अखंड चालू राहिला, आणि ओझे तेच असूनही ते वाहण्याचा अर्थ माझ्यासाठी बदलला.

पंढरपुरात पोहोचल्यावर आमच्यापैकी अनेकांनी चंद्रभागेत स्नान केले, नगरप्रदक्षिणा घातली आणि गर्दीमुळे केवळ कळसाचे दर्शन घेऊन परतीची वाट धरली. अर्थ फक्त मुक्कामाच्या ठिकाणी असता, तर त्यांना काही निसटल्यासारखे वाटायला हवे होते. तसे कोणी म्हटले नाही. ज्याला श्रद्धा नाही आणि अशी सोबतही नाही, त्याला हे उत्तर कितपत पुरेल, याविषयी मात्र त्या तरुणाचे आणि माझे बोलणे अजून संपलेले नाही.