आधी लग्न, मग प्रेम, मग देव

अमेरिकेच्या पश्चिमेची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पिस्तूल, घोडा, धुळीचा रस्ता आणि दारूच्या गुत्त्याचे झुलते दार एवढेच येते. याच पश्चिमेवर लिहिलेल्या कादंबऱ्यांचे आणखी एक भलेमोठे कपाट आपल्याकडे फारसे कोणी उघडत नाही. त्यातल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर बहुधा हनुवटीखाली नाडी बांधलेले टोपडे घालून एक तरुणी गवताळ माळावर उभी असते, आत गोळीबार झालाच तर ओझरता होतो, चुंबनासाठी वाचकाला बराच धीर धरावा लागतो, शयनगृहाचे दार सभ्यपणे लोटून घेतले जाते, आणि नायक-नायिकेच्या बरोबरीने देव हे तिसरे पात्र कथेत वावरत असते. मी या ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या आवडीने वाचते. त्यांत सुमार पुष्कळ आहे. पण श्रद्धा आणि उद्धार यांसारखे जड विषय चुलीपाशी आणि गोठ्यात आणून बसवण्याची जी हातोटी त्यांतल्या चांगल्या लेखिकांपाशी आहे, ती मला भल्याभल्या गंभीर कादंबऱ्यांत सापडलेली नाही.

या प्रकाराची आजची घडण बसली ती १९७९ साली. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी त्या वर्षी बेथनी हाउस या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने काढली. नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते, आणि ती गरोदर आहे. ज्या दिवशी नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क डेव्हिस नावाचा एक अनोळखी विधुर तिच्यापुढे लग्नाचा प्रस्ताव ठेवतो. त्यात प्रेमाचा लवलेशही नाही. त्याच्या मिसी नावाच्या चिमुरडीला आई हवी आहे आणि मार्टीला हिवाळ्यापुरते डोक्यावर छप्पर हवे आहे. पुढे वसंतात पूर्वेकडे परतणारा गाड्यांचा तांडा आला आणि तिला जावेसे वाटले तर तिचा खर्च तो देईल, मात्र जाताना तिने मिसीला बरोबर न्यायचे, अशी ती बोलणी आहेत. बाप आपली मुलगी द्यायला तयार होतो, ती मुलीला आई मिळावी एवढ्यासाठी. या एका अटीतून क्लार्कचा स्वभाव जेवढा कळतो तेवढा पुढच्या कित्येक पानांतूनही कळत नाही.

मार्टीला स्वयंपाकातले पॅनकेकपलीकडे काही येत नाही. सकाळी पॅनकेक, दुपारी पॅनकेक, रात्री पुन्हा पॅनकेक. क्लार्क मुकाट्याने खातो, आणि खाण्याआधी मान खाली घालून कोणाशी तरी बोलतो, याचे मार्टीला नवल वाटते, कारण जेवणापूर्वीची प्रार्थना तिच्या माहेरच्या वळणात नाही. पुढे शेजारची ग्रॅहम मावशी तिला रांधायला शिकवते, आणि शिकवता शिकवता स्वतःची हकिकत सांगते: तिचाही पहिला नवरा गेलेला, तिनेही एका विधुराशी केवळ मुलांच्या सोयीसाठी लग्न केलेले, आणि प्रेम कधी आले ते तिचे तिलाही कळलेले नाही. वैधव्याचे दुःख, पिठाने माखलेले हात आणि परमेश्वर हे तिन्ही त्या एकाच स्वयंपाकघरात आहेत. मार्टीचा देवावरचा राग लेखिका घाईने विझवत नाही, हे मला विशेष वाटते. माझा नवरा नेणाऱ्या देवाला मी हात का जोडू, हा तिचा प्रश्न युक्तिवादाने सुटत नाही. मुकाट्याने पॅनकेक खाणाऱ्या माणसाच्या सहवासात तो हळूहळू बोथट होत जातो.

सोयीचे लग्न ही या कपाटातली इतकी हुकमी युक्ती आहे की नवख्या वाचकाला ती लेखिकांच्या सोयीसाठी काढलेली वाटावी. इतिहास मात्र त्यांच्या बाजूने आहे. ऑरेगनसाठी १८५० साली झालेल्या जमीनदानाच्या कायद्याने तिथे आधीच पोचलेल्या एकट्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४० एकर जमीन देऊ केली, आणि त्यातला निम्मा हिस्सा बायकोच्या स्वतःच्या नावावर व्हायचा. बायको म्हणजे ३२० एकर, असा रोखठोक हिशेब झाल्यावर लग्नांना वेग आला नसता तरच नवल. पुढे लिंकन यांनी मे १८६२मध्ये सही केलेल्या होमस्टेड कायद्याने १६० एकर देऊन पाच वर्षे तिथे राहून जमीन कसण्याची अट घातली. एकटी स्त्री आणि विधवा यांना त्याखाली स्वतःच्या नावाने अर्ज करता येई, नांदत्या बायकोला येत नसे. त्यात घोड्यावरून वस्त्या पालथ्या घालणारा मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा उपदेशक एकदा येऊन गेला की पुन्हा केव्हा फिरकेल याचा नेम नसे, त्यामुळे दफन, बाप्तिस्मा आणि लग्न ही सगळी कार्ये त्याच्या मुक्कामात उरकून घ्यावी लागत. एका दिवसात विधवा आणि सधवा होणारी मार्टी त्या काळात अगदीच अशक्य नव्हती. आणि आधी लग्न, प्रेमाचे मग पाहू, या क्रमाने चालणाऱ्या संसारांचे मराठी वाचकाला तर मुळीच अप्रूप नसावे. आपल्या आज्या-पणज्यांनी याहून कमी ओळखीवर माप ओलांडले आहे.

खरी अडचण येते ती श्रद्धेची. या कादंबऱ्यांचा एक अलिखित दंडक असतो, आणि त्याचे मूळ बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे, जिथे पौलाने विश्वास ठेवणाऱ्यांनी विश्वास न ठेवणाऱ्यांशी जोड जुळवू नये असे बजावले आहे. त्यामुळे दोघांपैकी एक नास्तिक, रुसलेला किंवा देवाला विसरलेला असेल, तर मने खऱ्या अर्थाने जुळण्याआधी त्याने गुडघे टेकणे क्रमप्राप्त ठरते. कच्च्या लेखिकेच्या हाती हे गुडघे टेकणे शाळेच्या तपासणीसारखे उरकले जाते: वादळ येते, मूल तापाने फणफणते, नायक गोठ्यात जाऊन दोन वाक्ये बोलतो, आणि सकाळी ताप उतरलेला असतो. असल्या प्रकरणात मी पाने उलटते. देवाने ताप उतरवला म्हणून जो विश्वास ठेवला तो ताप न उतरता तर कुठे गेला असता, हा प्रश्न ज्या लेखिकेला पडतो तिचेच पुस्तक मी शेवटपर्यंत वाचते. कथेने प्रवचनाला खांदा द्यायचा ही रीत आपल्यालाही नवी नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती बाबा पदमनजी यांची १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ हीसुद्धा प्रवास, वैधव्य, ख्रिस्ती श्रद्धा आणि पुनर्विवाह याच वाटेने जाते. तिथेही विधवांच्या कहाण्या अंगावर येतात आणि उपदेश कानावरून जातो.

उद्धाराची गोष्ट याहून अवघड आहे, आणि ती सांगण्याचे धाडस फ्रान्सीन रिव्हर्स यांनी ‘रिडीमिंग लव्ह’मध्ये केले. आधी चारचौघींसारख्या प्रेमकथा लिहिणाऱ्या या बाई ख्रिस्ती श्रद्धेकडे वळल्या आणि १९९१ साली त्यांनी ही कादंबरी दिली. तिचा सांगाडा जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याचा आहे. होशेयाची बायको गोमर त्याला सोडून दुसऱ्यांकडे जाते, आणि देवाच्या सांगण्यावरून तो तिला पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर सातू मोजून परत आणतो. रिव्हर्स यांनी हे कथानक १८५०च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या खाणींच्या धामधुमीत नेले. त्यांची एंजल लहानपणीच विकली गेलेली आहे आणि तिच्या प्रत्येक रात्रीला भाव आहे. मायकेल होशेय हा शेतकरी तिच्याशी लग्न करून तिला घरी आणतो, तेव्हा तिला तो खोटा वाटतो, कारण फुकट मिळालेले काहीही ती ओळखतच नाही. कृपा देणाऱ्यापेक्षा ती घेणाऱ्याला किती जड जाते, हे या कादंबरीइतके नेमके मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. एंजल पळून जाते ती बहुतेक वेळा छळाला कंटाळून नव्हे. चांगुलपणाचे देणे कसे फेडायचे हे तिला सुचत नाही, म्हणून.

तरीही कादंबरीचा मोठा भाग वाचताना मी अस्वस्थ असते. ती नको म्हणते आणि तो देवाच्या आज्ञेचा हवाला देऊन तिला परत आणतो, यातली देवाची आज्ञा काढून घेतली तर उरते ते काही शोभणारे नाही. रिव्हर्स यांनाही हे जाणवले असावे, असे मला शेवटाकडे पाहून वाटते. कारण अखेरच्या वेळी ती निघून जाते तेव्हा मायकेल तिच्या मागे जात नाही. ती तीन वर्षे सॅन फ्रान्सिस्कोत राहते, तिथे तिला स्वतःचा असा विश्वास सापडतो, तिच्यासारख्याच मुलींसाठी ती एक घर उभे करते, आणि मग आपल्या पायांनी परत येते. उद्धार झाला असेल तर तो या तीन वर्षांत झाला, आधीच्या सगळ्या पाठलागात नव्हे, असे माझे मत आहे.

शेवट गोड होणार हे पहिल्या पानावरच ठाऊक असते, मग वाचायचे कशाला, असे मला अनेकांनी विचारले आहे. साधुवाण्याची नौका पुन्हा भरून येणार हे ठाऊक असूनही सत्यनारायणाची कथा ऐकणारे लोक हे विचारतात, याची मला गंमत वाटते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या नावाबरोबर मला पंडिता रमाबाई आठवतात. या कादंबऱ्यांचा जो काळ, त्याच काळात, १८८८मध्ये त्या आगगाडीने पश्चिम ओलांडून त्या शहरात पोचल्या आणि तिथून जहाजाने मायदेशी निघाल्या. पुढे त्यांनी केडगावला ज्या बायकांना समाज ‘पतित’ म्हणत होता त्यांच्यासाठी कृपासदन काढले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, अमेरिकेचे त्यांना मनापासून कौतुक होते, पण १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्या देशाच्या मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्यायही त्यांनी नोंदवून ठेवला. त्यांना आगगाडीच्या प्रवासात जे दिसले ते या कपाटातल्या बहुतेक लेखिकांना माळावर घर बांधूनही दिसलेले नाही. यांच्या कादंबऱ्यांत दारूड्याला क्षमा आहे, जुगाऱ्याला आहे, माणूस मारून पळालेल्या बंदूकबाजालाही आहे. पण ज्या १६० एकरांवर तो पश्चात्ताप करतो ती जमीन कोणाची होती, हे पाप कोणाच्याच कबुलीत येत नाही. मूळ रहिवासी आलाच, तर औषधी मुळी देणारा एखादा शहाणा म्हातारा म्हणून येतो आणि काम झाले की निघून जातो.

खरा इतिहास या बाबतीत कादंबरीहून अधिक ख्रिस्ती आहे, आणि अधिक भीषणही. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोतल्या सँड क्रीकच्या काठी शायान आणि अरापाहो लोकांच्या तळावर सैन्याने हल्ला केला. तळावर अमेरिकेचा झेंडा फडकत होता. दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बायका, मुले आणि म्हातारेच जास्त होते. हल्ल्याचा सेनापती कर्नल जॉन शिव्हिंग्टन हा मेथडिस्ट उपदेशक होता. त्याच सैन्यातला कॅप्टन सायलस सोल याने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही, पुढे पत्रे लिहून प्रकार उघड केला आणि चौकशीत साक्ष दिली. १ एप्रिल १८६५ रोजी त्याचे लग्न झाले, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला डेन्व्हरच्या रस्त्यात त्याला गोळी घालण्यात आली. मेथडिस्ट लोक पश्चात्तापासाठी सँड क्रीकला जमले ते २०१४ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी.

सोल आणि त्याची बायको हर्सा यांच्या संसाराला चार आठवडेही मिळाले नाहीत, म्हणून त्यावर या पद्धतीची कादंबरी होऊ शकत नाही असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. हर्साने पुढे दुसरे लग्न केले आणि तिला मूलबाळही झाले. एकाकी तरुण विधवा, साक्ष देऊन मेलेल्या नवऱ्याची आठवण, मारेकऱ्यांना ओळखणारे गाव, रविवारी त्याच गावातली उपासना आणि दाराशी आलेला दुसरा माणूस, असा ऐवज असताना एखाद्या लेखिकेने एप्रिल १८६५च्या डेन्व्हरपासून खुशाल सुरुवात करावी.